पाणमहालाची पहिली पायरी

पाणमहाल दाखवतो म्हणून मनकर्णाबाईला तिच्या भाच्याने आधी नेऊन उभं केलं ते एका टांगेवाल्याच्या तबेल्यापुढे. भाचा, म्हणजे हे लिहिणारा राधाकृष्ण, सातवीची फायनल पास. "नगरची गल्ली न् गल्ली मला पाठ आहे," असं वाटभर सांगत आलेला. तबेल्याला दगडी कमान होती, कमानीला नवी सफेदी होती; शिकलेल्या माणसाला आणखी काय पुरावा लागतो? मनकर्णाबाईने वहाणा काढल्या, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि आतून घोडा फुरफुरला.

"राध्या," ती शांतपणे म्हणाली, "राजा अजून आत हाय म्हन की. आन् लीद बी टाकतोय."

टांगेवाला पोट धरून हसला आणि त्यानेच पुढची वाट दाखवली. मनकर्णाबाई मात्र हसली नाही. ती महाल बघायला आलीच नव्हती. तिला तिचा दगड बघायचा होता.

मनकर्णाबाई गावची सुईण. नगरपासून दोन-अडीच कोसांवरच्या त्या गावात पस्तिशीच्या आतल्या कुणालाही विचारा, "तुला पहिली अंघोळ कुणी घातली?" उत्तर एकच. आणि ती अंघोळ एका दगडावरची. निजामशाही बुडाल्यावर तिचा हौदातला पाणमहालही पुढच्या दोन-तीनशे वर्षांत ढासळत गेला आणि आसपासच्या गावांनी त्याचे दगड जमतील तसे उचलले. कुणाच्या विहिरीला खांब गेला, कुणाच्या गोठ्याला नक्षीची गव्हाण झाली. मनकर्णाबाईच्या आजेसासऱ्याने गाडीत घालून आणलं ते एक कोरीव कमळ, बसायच्या पाटाएवढं. ते न्हाणीत बसवलं. सासू त्यावर बसून पोरं न्हाऊ घालायची, सासूमागे मनकर्णाबाई. दगडावर बसायचं, पाय लांब सोडायचे, पोर नडग्यांवर पालथं घ्यायचं. बसून बसून कमळाच्या पाकळ्या गुळगुळीत झाल्या होत्या. एक पाकळी टवकलेली होती. न्हाणीतलं सगळं पाणी बरोबर तिच्यातून वाहून मोरीला लागायचं. पाचवीला बायका त्या दगडालाच हळदकुंकू लावायच्या. गावची सटवाई म्हणे तिथे येऊन बसे. भाच्याने एकदा विचारलं होतं, "मावशी, मुसलमानी महालाच्या दगडावर सटवाई कशी बसते?"

"तिला पोरं न्हालेली दिसत्यात. दगडाची जात इचारायला ती काय तुझ्यासारखी साळंत गेल्ती व्हय?"

सालाबादप्रमाणे सगळं चाललं असतं. पण दुसरी मोठी लढाई संपली आणि नगरातल्या काही हौशी धनिकांनी पाणमहाल पुन्हा उभा करायचं मनावर घेतलं. सिमेंट कंट्रोलात, म्हणजे परवान्यावर, नवा घडीव दगड महाग. तेव्हा ठरलं, गावोगाव गेलेले जुनेच दगड गोळा करायचे. त्या कामावर मुकादम नेमला तो काकासाहेब. ह्याच गावचा. मनकर्णाबाई सुईण झाल्यावर तिच्या पायावर न्हालेलं पहिलं पोर. आई लवकर गेल्यामुळे निम्मं लहानपण तिच्याच चुलीपाशी काढलेलं. आता डोक्याला जरीचा फेटा, बोलण्यात "आमचे विंजनेर".

दुसऱ्या कुणी दगड मागितला असता तर मनकर्णाबाईने त्याला उकळत्या पाण्याचा तांब्या दाखवला असता. काकासाहेब आला, ओसरीवर बसला, भाकरी मागून खाल्ली आणि मग म्हणाला, "मनाआई, तुझा दगड महालाच्या पहिल्या पायरीला बसवतो. येईल त्याचा पाय आधी त्याच्यावर पडंल."

"आन् माझी पोरं कुटं न्हातील?"

"लाकडी पाट घे की. दगड ज्याचा त्याच्या घरी जातोय. तू कधी बी ये, हात लावून जा. तुझ्या लेकराचा शबूद हाय."

लेकराचा शब्द म्हटल्यावर ती विरघळली. दगड गाडीत चढला तेव्हा तिने त्याला कुंकू लावलं, लेक सासरी धाडावी तसं. पुढे लाकडी पाट न्हाणीत डुगडुगायचा, पाणी भलतीकडेच तुंबायचं, गुडघे धरायचे. पण गावात बायकांना ती छाती फुगवून सांगायची, "माझा दगड हाय म्हालाच्या पायरीला." म्हणूनच महाल उघडल्याची बातमी आली तशी ती भाच्याला घेऊन निघाली. गावात परत जाऊन "बघितला" म्हणायचं होतं.

महाल खरंच उभा राहिला होता. चुना इतका पांढरा की डोळे मिटावेत. हौदात पाणी, मधोमध इमारत, नव्या कमानी जुन्या कमानींना धरून. लोक वर मान करून फिरत होते. मनकर्णाबाई खाली मान घालून. पहिली पायरी तिने पदराने पुसली. कोरा, नुकताच टाकीने घडवलेला दगड. मग दुसरी, तिसरी. मग मागच्या दाराची. मग हौदाच्या काठाने ती ओणवी होऊन चालू लागली, तशी लोकांना महालापेक्षा तिचीच गंमत वाटायला लागली.

पहारेकरी छगन जवळ आला. "आजे, काय हरवलं? नथ का?"

"दगड."

"दगड?" छगनने भोवताली हात फिरवला. "घ्या, पायजे तो घ्या!"

भाच्याने कमळाचं वर्णन सांगितलं. छगन विचारात पडला आणि मग भोळेपणी म्हणाला, "नक्षीचं कमळ? ते हितं लागलंच न्हाई. मुकादमसायबांचं घर बांधायला काढलं हुतं तवा दोन-चार नामी दगड त्यांनी तिकडं नेले. मीच गाडीत घातले की."

"चुकत असंल तू," मनकर्णाबाई म्हणाली.

"चुकीन कसा? पायाच्या बोटावर पडला हुता." त्याने बोटही दाखवलं.

परतीची वाट काकासाहेबाच्या नव्या घरावरूनच होती. भाच्याला वाटलं, मावशी तडक गावाकडे चालू लागेल. ती थेट त्याच्या दारात गेली. काकासाहेबाची बायको मुक्ताबाई बाहेर आली, दिवस भरत आलेले, हातात तांब्या. रीतीप्रमाणे तिने आल्या पाहुणीच्या पायांवर पाणी घातलं. पाणी पायरीवर पसरलं, फिरलं आणि कोपऱ्यातल्या टवकलेल्या पाकळीतून धार धरून खाली गेलं.

मनकर्णाबाई त्या धारेकडे बघत राहिली. पहिल्या पायरीला बसवतो म्हणाला होता. बसवला होता.

"मनाआई!" काकासाहेब फेटा सावरत बाहेर आला. चेहऱ्यावर लाज शोधायला भिंग लागलं असतं. "अगं, आत ये. बाहेर का?"

"ह्याच्यावर पाय देऊन आत यायचं व्हय रे?"

तो समजुतीने बोलू लागला, मोठा माणूस लहानाशी बोलतो तसा. "म्हालात त्याला कोन वळखनार? हितं तुझ्याच लेकराच्या दाराला हाय. घरचा घरात ऱ्हायला."

"माझ्या न्हानीत बी घरातच हुता."

"मागितला आसता तर तू दिला आसतास का मला?"

"दिला आसता," ती म्हणाली. "तुला दिला आसता रं. म्हालाचं नाव कशाला सांगितलंस?"

ह्यावर काकासाहेब आत वळला. त्याने चहा सांगितला. तो तिने घेतला नाही. वाटेत भाच्याने मुकादमाला वकिलाची नोटीस देण्याच्या गोष्टी केल्या, कायद्याची कलमंही सांगितली, बहुतेक स्वतःच रचलेली. "तू गप," एवढंच ती म्हणाली. गावात बायकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "बघितला. हाय पायरीला." खोटं नव्हतं. पण त्या दिवसापासून दगडाची गोष्ट तिने आपण होऊन कधी काढली नाही.

मग एका सकाळी काकासाहेबाचा टांगा दारात. मुक्ताबाई अडली होती. गावातल्या बायका म्हणाल्या, "जाऊ नगंस, जिरू दे त्याची." मनकर्णाबाई पदर खोचत म्हणाली, "त्या पोरीनं काय माझा दगड चोरलाय?" आणि टांग्यात बसली.

मुलगा झाला. मुक्ताबाईही सुखरूप सुटली. मनकर्णाबाईने पोराला पाटावर बसून न्हाऊ घातलं, नाक ओढलं, डोकं गोल केलं, कानात फुंकर घातली. काकासाहेब ताट घेऊन उभा राहिला: खण, नारळ, नवं लुगडं. सुईणीचा मान. तो घेतल्यावाचून सुईण उंबरा ओलांडत नाही. मान राहिला तर पोर जन्मभर तिचं देणेकरी राहतं, असं आमच्याकडे मानतात; आणि मुकादम झाला तरी काकासाहेब आमच्याकडचाच.

तिने ताटाला बोट लावलं नाही.

"मनाआई, आसं करू नगंस. काय पायजे ते माग."

तिने पायरीकडे बघितलं. त्यानेही बघितलं. "आता भिंतीचा भार हाय तिच्यावर," तो पुटपुटला. "काढली तर दार बसंल."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. पायरी चुकवून, बाजूच्या मातीत उडी टाकून ती खाली उतरली. ह्या वयात.

काकासाहेबाने पुढे ते ताट तीन वेळा गावी धाडलं, एकदा स्वतः घेऊन आला. दर वेळी ते तसंच परत गेलं. पोर आता घरभर पळतं. खण त्यांच्या भिंतीतल्या देवळीत मनकर्णाबाईच्या नावाने ठेवलेला आहे आणि नारळ सुकला की मुक्ताबाई तो बदलते.