बाईंची बुडी

“पाह्यल्याबिगर नाही म्हनू नोको,” असं म्हणत आमच्या बाई समोरच्याचं मनगट धरायच्या आणि त्याला चालायला लावायच्या. मग ते नवी भाजी चाखणं असो, नाहीतर गावाबाहेरची टेकडी चढणं असो. होकार मिळेपर्यंत मनगट सुटत नसे. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आमच्या बाईंनी मात्र माझं मनगट धरून मला थेट सिलोनला नेलं.

खामगावच्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवत आणि मी मराठी. वय पंचेचाळिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, राहायला एकच खोली. मूळच्या पिंपळगाव राजाच्या. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत भावाच्या बरोबरीनं पोहायच्या, तळाची माती मुठीत घेऊन वर यायच्या. मग एक दिवस आईनं सांगितलं, मोठी झालीस, आता पुरे. तेव्हापासून बाई पाण्यात उतरल्या नव्हत्या.

कुठल्याशा मासिकात त्यांनी एक चित्र पाहिलं. पाठीवर हवेची टाकी बांधून एक माणूस माशांमध्ये फिरतोय. झालं, बाईंची झोप उडाली. रामेश्वरहून बोटीनं सिलोनला जाता येतं, तिथं असं पाण्याखाली उतरवतात, एवढी माहिती त्यांनी काढली आणि दोघींचे पासपोर्ट काढायला लावले.

बाईंचे थोरले भाऊ शाळेत आले ते तावातावानंच.

“बाईमानसानं समुद्रापार जाऊन काय करावं? लोक हासतील आपल्याले.”

“हासू दे ना दादा. मले जाऊन तं येऊ दे.”

“काही झालं तं मी येनार नाही तुले आनाले.”

चहा न घेताच ते गेले. बाई वर्गावर गेल्या, पण त्या दिवशी त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत पाठीवर कॅनव्हासच्या पिशव्या अडकवून आम्ही दोघी साडीवाल्या निघालो. बोटीवर आमच्यासारख्याच पिशव्या घेतलेली गोरी पोरं-पोरी होती. एक उंच डच मुलगी, हॉलंडहून मिळेल त्या गाडीनं इथवर आलेली, बोट लागल्यामुळे कठड्याला टेकून बसली होती. बाईंनी तिच्या तोंडात लिंबाच्या लोणच्याची फोड घातली. “चोख, माय. बरं वाटते.” पोरगी सावरली. पुढे ती तिच्या भाषेत आणि बाई वऱ्हाडीत, अशा गप्पा सुरू झाल्या. दोघींनाही इंग्रजी येत होतं, पण त्याची गरज कुणाला भासली नाही. उतरेपर्यंत बाईंना तिच्या आईची गुडघेदुखीसुद्धा कळली होती.

ती आमच्याबरोबरच सिलोनच्या दक्षिण किनाऱ्यावर आली. पाण्याखाली नेणारे एक पिकल्या मिशांचे सिंहली गृहस्थ होते. बाईंकडे पाहून त्यांनी मान हलवली. इंग्रजीत म्हणाले, “बाईंना बोटीतून मासे दाखवतो. खाली नको.”

डच मुलगी त्यांच्याशी भांडायला उठली. बाई शांतपणे आडोशाला गेल्या आणि जाड कापडाचा सदरा-चोळणा घालून आल्या. मी बघतच राहिले.

“बाई, हे कधी शिवलंत?”

“शिंपीचाचाले सांगतलं, माह्या मापाचं शिव, काऊन ते पुसू नोको.”

मासे दाखवायला निघालेली बोट उथळ पाण्यात पोचताच कुणाला न विचारता त्यांनी उडी टाकली. वर येईनात. मी ओरडायला लागले, ते गृहस्थही कपडे सावरत उठले. तेवढ्यात मूठभर वाळू उंच धरून बाई वर आल्या. ते गृहस्थ हसले आणि त्यांनी टाकी पुढे केली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. तोंडात रबरी तोटी धरून पाण्याखाली श्वास घेत राहायचं, एक क्षणही रोखायचा नाही, असं त्या गृहस्थांनी बजावलं. बाईंचा तर सारा अभिमान श्वास रोखण्याचा. त्या खाली गेल्या आणि लगेच धडपडत, खोकत वर आल्या. बोटीची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यांना भ्यालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

“पान्यात दम घ्याले जीव तयारच होत नाही वं.”

“बाई, केलंत ते खूप झालं,” मी म्हणाले. “आता पुरे.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “पुरे म्हनू नोको मले. एकदा ऐकलं ते.”

डच मुलगी टाकी बांधून त्यांच्या शेजारी उतरली. तिनं बाईंचा हात धरला. डोकं जेमतेम बुडेल एवढ्याच पाण्यात दोघी कितीतरी वेळ नुसता श्वास घेत, सोडत राहिल्या. मग ते गृहस्थ पुढे झाले आणि तिघं खोल उतरली. मला वर नुसते बुडबुडे दिसत होते, एका लयीत येणारे.

बाई वर आल्या तेव्हा तोटी काढण्याआधीच हसत होत्या.

“अवं, मासोया मले पाहून पयत नाहीत! हाताजवून गेल्या! निया, पिवया, मोठ्या-मोठ्या!” निळ्या-पिवळ्या मासोळ्या आपल्याला पाहून पळाल्या नाहीत, या आनंदात लहान मुलीसारख्या त्या पाण्यावर हात आपटत होत्या. सिंहली गृहस्थांनी त्यांना चक्क सलाम केला.

परतल्यावर मी त्यांच्याबरोबर पिंपळगावला गेले. भाऊ ओसरीवर बसलेले. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, “दुखलं-खुपलं तं नाही ना?” आणि जरा वेळानं, “किती खोल गेली व्हती?”

“आपल्या विहिरीपक्षा खोल, दादा.”

भाऊ मोठ्यांदा हसले आणि त्यांनी आत चहा टाकायला सांगितला.

त्या उन्हाळ्यात त्याच विहिरीवर बाईंनी गावच्या पोरींना पोहायला शिकवायला सुरुवात केली. दोर धरून काठावर उभे राहत भाऊ. कुणी नाक मुरडलं की म्हणत, “माही बहीन समुद्राच्या तयाले जाऊन आली. तुमच्या पोरी विहिरीले काऊन भेतात?” वर्षामागून वर्षं पोरी येत राहिल्या. लग्न होऊन गेल्या, त्यांच्या मुली आल्या.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, बाई गेल्या. मी पिंपळगावला पोचले तेव्हा अंत्ययात्रेत बाईंकडून पोहायला शिकलेल्या बायकाही स्मशानापर्यंत चालत निघाल्या होत्या. दुपारी सगळ्या आंघोळीसाठी मळ्यात आल्या. विहीर काठोकाठ भरलेली होती. म्हातारे भाऊ बादली-दोर घेऊन काठावर वाट पाहत होते. बादली कुणी मागितलीच नाही. सगळ्यांत पुढच्या एकीनं पदर खोचला आणि उडी घेतली. तिच्यामागून दुसरीनं. मग एकेक करत सगळ्यांनी.