आपलं खाचर सोडायचं न्हाई

फुटबॉलला जन्मात एकदाही पाय न लावता फुटबॉल पुरता समजलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा, आणि तो माझा थोरला साडू आहे. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, तिच्यामुळे मी म्हणतो, आणि आता आमच्या शाळेतली सगळी पोरंही म्हणतात. नात्याच्या हिशेबात हे कुठेच बसत नाही, पण दाजींची हरकत नाही. ते वेल्ह्याच्या पुढे, पासलीच्या अंगाला राहतात, भात लावतात, दोन म्हशी आणि पाच-सहा शेळ्या सांभाळतात. त्याआधी पंचवीसएक वर्षं ते पुण्यातल्या एका कॉलेजात मैदानावरचे शिपाई होते. मैदानाला पाणी मारायचं, जाळ्या बांधायच्या आणि मॅचच्या आदल्या दिवशी फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या, हे त्यांचं काम. मॅच सुरू झाली की ते एका उपड्या बादलीवर बसत आणि आपल्या रेघा कोण पुसतंय तेवढंच बघत. त्यामुळे झालं असं की, सगळं मैदान बॉलच्या मागे माना वळवत असताना, कोण आपली जागा सोडून भलतीकडे भटकतोय हे एकट्या दाजींना दिसायचं. इतकी वर्षं तेच बघितल्यावर त्यांचं मत पक्कं झालं. "बॉल काय, हितं असतो न्हाईतर तितं असतो," ते म्हणतात. "त्याच्याकडं काय बघायचं? माणूस कुठं हाय ते बघावं."

जागेचं हे वेड मैदानापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. एसटीत डाव्या बाजूची तिसरी खिडकी दाजींची. तिथे कुणी बसलेलं असेल तर ते भांडत नाहीत, नुसते शेजारी उभे राहतात आणि इतक्या मायेने बघतात की तो माणूस वेल्हं यायच्या आत आपण होऊन उठतो. एकदा राजगड उतरून आलेला एक ट्रेकर त्या खिडकीला डोकं टेकून गाढ झोपला होता. गाडी निम्मी रिकामी असताना दाजी मार्गासनीपासून शेवटच्या थांब्यापर्यंत उभ्याने आले. आमच्या लग्नात फोटोग्राफरने त्यांना एकदा "तुम्ही डावीकडून दुसरे उभे राहा" असं सांगितलं आणि नंतर "आता चला" म्हणायचं तो विसरला. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये दाजी सगळीकडे आहेत. बायकोच्या डी.एड.च्या मैत्रिणींचा घोळका आहे, आणि त्यात डावीकडून दुसरे दाजी आहेत.

आता यात मी कुठून आलो ते सांगतो. मी शाळेत मराठी शिकवतो. भोरच्या शालेय स्पर्धेला फुटबॉलची टीम पाठवायची ठरली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी स्टाफरूमभर नजर फिरवली आणि ती माझ्या पायांवर थांबली, कारण खेळाचे बूट एकट्या माझ्याच पायात होते. ते टाचदुखीसाठी डॉक्टरांनी घालायला सांगितले होते, पण हे बोलायला मला उशीर झाला. मी पोरांना शिट्टी वाजवून पळवलं आणि भोरला घेऊन गेलो. आमची पोरं गूळ दिसलेल्या मुंगळ्यांसारखी सगळीच्या सगळी बॉलमागे धावत, त्यात गोलकीपरही. अकरा गोल खाल्ले. त्याचं मला काही वाटलं नाही. पण मॅच संपता संपता एकाच उंच बॉलवर आमचीच दोन पोरं धावली, डोक्यावर डोकं आपटलं, आणि त्यातला ओंकार जमिनीवर पडला तो डोळे उघडेना.

चार-पाच मिनिटं असतील. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन नुसतं त्याचं नाव घेत होतो. मग त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "सर, अजून खेळ चालू हाय?" दवाखान्यात एक दिवस ठेवून घेतलं, काही निघालं नाही. तरी कुठे बॉल आपटल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून बघायला धावायला लागलो. ओंकारची आई मला एका शब्दानेही बोलली नाही. मी वाटेत दिसलो की ती फक्त पोराच्या कपाळावरून हात फिरवायची, ते मला जास्त लागायचं. मी सगळे बॉल कपाटात टाकले आणि किल्ली बाईंच्या हातात दिली.

पुढच्या वर्षी दिवाळीत दाजी घरी आले तेव्हा बायकोने ही हकीकत त्यांना पहिल्यापासून सांगितली. दाजींनी करंजी खाऊन संपवली, हात पुसले आणि विचारलं, "दोन्ही पोरं आपलीच व्हती न्हवं?"

"हो."

"मंग पोरांचा काय दोष न्हाई, पाव्हणं. त्यांना जागाच न्हवती. ज्याला जागा न्हाई त्यो बॉलमागं पळणारच."

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी ते शाळेत हजर झाले आणि त्यांनी बाईंकडे कपाटाची किल्ली मागितली. बाईंनी एकच अट घातली: यंदा एकाही पोराला लागलं तर आपल्या शाळेतला फुटबॉल कायमचा बंद. दाजींना अट मान्य होती. मला तर ती फारच मान्य होती.

दाजींनी पोरांना मैदानावर नेलंच नाही. शाळेपासून हाकेच्या अंतरावर, ओढ्याकाठी त्यांची भातखाचरं आहेत, भात काढून मोकळी झालेली, मध्ये वीतभर उंचीचे बांध. त्यांनी धसकटं खणून काढली, शेळ्या फिरवल्या आणि एकेका खाचरात एकेक पोर उभं केलं. मोठ्या खाचरात दोघं-तिघं, लांब लांब. प्रत्येक खाचराला पिढ्यान्‌पिढ्यांचं नाव होतं: चिंचेखालचं, दगडाचं, खोलगट, आणि म्हशी लोळायच्या ते म्हसरलोळीचं. नियम एकच. बॉल बांधावरून जाईल, पोरगं जाणार नाही. बॉल लांब असेल तेव्हा बोरं खा, गाणी म्हणा, समोरच्याशी गप्पा मारा. "पर आपलं खाचर सोडायचं न्हाई."

मी म्हटलं, "दाजी, अशाने पोरं कंटाळतील."

"कंटाळतील कशी? त्यांना काम दिलंय."

काम असं होतं की दाजी मध्येच ओरडत, "मिटा डोळं." मग प्रत्येकाने डोळे मिटून सांगायचं, आत्ता दगडाच्यात कोण आहे आणि तो काय करतोय. "दगडाच्यात पव्या हाय, नाक खाजवतोय," असं कुणी बरोबर सांगितलं की सगळी खाचरं हसायची. चार-सहा दिवसांत पोरांना आपल्या टीमचा ठावठिकाणा पाठ झाला. बांध ओलांडणाऱ्याला शिक्षा म्हणजे दाजींच्या मोठ्या म्हशीसमोर जाऊन "चुकलं" म्हणायचं. पण पोरांना ती शिक्षा इतकी आवडली की म्हशीची माफी मागायला ती मुद्दाम बांध ओलांडायला लागली. तेव्हा दाजींनी शिक्षा बदलली आणि माफी सरांची मागायची असं ठरवलं. दोन दिवसांत बांध ओलांडणं बंद झालं. याचा अर्थ मी अजून स्वतःला विचारलेला नाही.

ओंकार रोज बांधावर बसून बघायचा. त्याला खेळायला आईची बंदी होती. एके दिवशी त्याची आई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन तिथून चालली होती, ती चिंचेपाशी थांबली. भारा खाली ठेवून चांगली तासभर उभी राहिली.

"ह्यात तर कुणी कुणाला शिवतबी न्हाई," ती शेवटी म्हणाली.

"न्हाईच शिवत," दाजी म्हणाले. "बॉलच तेवढा जातो."

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग भारा उचलायला वाकली आणि जाता जाता म्हणाली, "त्याला ह्या चिंचेखाली उबा करा. सावली हाय." आमचा उजवा बचावपटू असा नेमला गेला.

भोरच्या मैदानावर बांध नव्हते. मला वाटलं, आता पोरं पुन्हा सैरावैरा होणार. पण पोरांनी मैदान नीट न्याहाळलं, आपापसात काहीतरी वाटून घेतलं आणि जाऊन उभी राहिली. मॅच सुरू झाली आणि समोरची टीम गोंधळात पडली, कारण आमच्याकडून नुसते आवाज येत होते: "खोलगटात दे," "म्हसरलोळी मोकळी हाय," "दगडाच्यात थांब." पंचांनी खेळ थांबवून मला विचारलं, ही मुलं शिव्या देतायत का? मी सांगितलं, जमिनी आहेत. समोरची पोरं पायाने आमच्यापेक्षा पुष्कळ सरस होती, त्यांनी पहिल्या अर्ध्यात दोन गोल केले. पण आमचं एकही पोर जागचं हललं नाही, आणि बॉल लांब होता तेव्हा आमचा गोलकीपर गाणं म्हणत होता.

शेवटच्या काही मिनिटांत एक बॉल खूप उंच उडाला. तो खाली यायला लागला तेव्हा मला कळलं की तो नेमका ओंकार आणि पव्या यांच्या मध्ये पडणार आहे. दोघंही मान वर करून बघत होते. मी डोळे मिटले. मला मैदान ऐकूच येईनासं झालं. मग पव्याचा आवाज आला, "माझा हाय," आणि ओंकारचा, शांतपणे, "घे." मी डोळे उघडले तर पव्याने बॉल छातीवर घेतला होता, आणि ओंकार दोन पावलं मागे सरकून आपल्या जागेवर उभा होता. उभा होता, एवढंच मी बघत राहिलो.

दोन-शून्यने हरलो. पोरं जिंकल्यासारखी नाचत होती. बाईंचा फोन आला.

"कुणाला लागलं का?"

"नाही, कुणालाच नाही."

त्यांनी ते पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "बरं. आणि हो, किती झाले?"

दाजी कुठे दिसेनात. शोधत गेलो तर ते गोलच्या जाळीमागे जमिनीवर बसले होते. हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांना उघडेना. मी उघडून दिलं.

"त्यो उंच बॉल आला तवा," ते म्हणाले, "म्या बगितलंच न्हाई, पाव्हणं. तोंड फिरवलं. पोरांना न्हका सांगू."

मी कशाला सांगतोय? मीही त्यांच्याशेजारी बसलो. आम्ही दोघांनी ती बाटली संपवली, आणि मैदानावर बॉल आपटत होता तरी पुष्कळ दिवसांनी मी बघायला उठलो नाही.

परत येताना टेम्पोत पुढे ड्रायव्हर, मध्ये दाजी आणि कडेला मी होतो. मागे पोरांचा दंगा चालला होता. महामार्ग सोडून गाडी आमच्या रस्त्याला लागायच्या आतच दाजींना झोप लागली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. थोड्या वेळाने मागचा आवाज एकदम बंद झाला. मी दचकून मान वळवली. मागच्या काचेतून ओंकारने आत बघितलं होतं आणि सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं. दहा-अकरा पोरं एकमेकांना चिकटून, एक शब्द न बोलता बसली होती. मी ड्रायव्हरला गाडी जरा हळू घ्यायला सांगितली. मार्गासनी मागे पडलं, डोंगरांवर उतरतं ऊन होतं. खांद्याला मुंग्या आल्या असतील म्हणून मी हलायला गेलो, तर खांद्यावर काही ओझंच जाणवेना. लग्नाच्या फोटोत दाजी केवढे भरदार दिसतात. हा माणूस इतका हलका कधी झाला, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.