कुणीच सुधारत नाही असलं पुस्तक

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटंसं पार्लर आहे. दोन फिरत्या खुर्च्या, केस धुवायचं बेसिन, भिंतभर आरसा आणि दारामागे वाळत घातलेले टॉवेल. ते चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे मावशी म्हणतात. त्यांनी लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणतात, "दुसऱ्यांच्या नवऱ्या सजवता सजवता माझं राहूनच गेलं बघा." मावशींची कात्री चालते त्याच्या दुप्पट वेगाने त्यांचं तोंड चालतं. गप्पांसाठीच केस वाढवणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यातली एक मीच.

मावशींचा जीव की प्राण म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, वय वर्षं अकरा. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. दर उन्हाळ्यात ती मावशींकडे राहायला येते. पहिले काही दिवस खुर्चीवर बसून गरागरा फिरते, टॉवेलांच्या घड्या घालते, आणि मग तिला कंटाळा येतो. आठवडा उलटायच्या आत घरची आठवण येते. तिला घरी पोचवून आल्यावर मावशी दोन दिवस गप्प गप्प असतात.

यंदा सुट्टी लागायच्या आधी बहिणीचा फोन आला. "ताई, या वेळी फ्रॉक नको घेऊस. पुस्तक घे. पोरगी वाचायला लागलीय. पण भलतीच चोखंदळ. मी आणलेली पुस्तकं नाक मुरडून बाजूला टाकते."

झालं. मावशींनी ते फारच मनावर घेतलं. आयुष्यात पुस्तक विकत घेतलेलं नाही, मग सुरुवात कुठून करायची? त्यांनी खुर्चीत बसेल त्या प्रत्येकीला विचारायचा सपाटा लावला. डोक्यावर कात्री असताना उत्तर देणं भागच असतं. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीरविज्ञानाचं घ्या, रंगीत चित्रांचं." निवृत्त मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "चांगलं वळण लावणारं हवं. वाचून मूल सुधारलं पाहिजे." मी भुताचं सुचवलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा पुरता गोंधळ उडाला.

शेवटी एका दुपारी पार्लरला कुलूप लावून त्या पुस्तकांच्या दुकानात गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की मीही तिथे होते असंच मला वाटतं.

दुकानदार म्हणजे चष्मा कपाळावर चढवलेले एक वयस्कर गृहस्थ. भाचीसाठी पुस्तक हवंय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"गोड आहे हो अगदी."

"ते असेलच. पण तिला आवडतं काय?"

हे आम्हाला सांगताना मावशी म्हणाल्या, "अगं, गिऱ्हाइकांच्या सासवांचा कुठला गुडघा दुखतो तेसुद्धा मला पाठ. आणि सख्ख्या भाचीला काय आवडतं ते सांगता येईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं."

त्यांनी तिथूनच भिंगरीला फोन लावला. "बाळा, तुला कसलं पुस्तक हवंय गं?"

भिंगरीने क्षणाचाही विचार केला नाही. "कुणी सुधारत नाही असलं."

"म्हणजे?"

"अगं मावशी, सगळ्या पुस्तकांत एक वात्रट मुलगी असते. धमाल चाललेली असते. आणि शेवटी ती एकदम शहाणी होते, सगळ्यांची माफी मागते आणि वेळेवर झोपते. मग आधीच्या सगळ्याची काय मजा राहिली? मला फसवल्यासारखं वाटतं."

आवाज खणखणीत, त्यामुळे दुकानदारांना सगळं ऐकू गेलं. ते कपाळावरचा चष्मा नाकावर घेत म्हणाले, "तक्रार अगदी रास्त आहे. बसा तुम्ही. शोधूच."

मग दोघांनी मुलांच्या फडताळातलं एकेक पुस्तक काढून शेवटचं पान वाचायला सुरुवात केली.

"सुधारली," मावशी म्हणायच्या.

"हाही सुधारला," दुकानदार म्हणायचे.

"अहो, इथे तर वाघसुद्धा सुधारलाय! गवत खातोय मेला!"

बाजूला ठेवलेल्या पुस्तकांचा ढीग वाढत गेला. खरेदीला आलेली माणसंही मदतीला बसली. अखेर अगदी खालच्या कप्प्यात एक जुनं पुस्तक सापडलं. त्यात नदीवर आजोबांबरोबर होडी चालवणारी एक मुलगी होती. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतःबद्दल नवी थाप मारायची. कुणाला सांगायची की आपण राजाची हरवलेली नात आहोत, कुणाला की आपण माशांशी बोलतो. मावशींनी शेवटचं पान उघडलं. पोरगी तिथेही एका न्यायाधीशाला धडधडीत थाप मारत होती, आणि न्यायाधीश मान डोलवत होता. मावशी इतक्या मोठ्याने हसल्या की दुकानातलं एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं.

दुकानदार म्हणाले, "एकच प्रत आहे. आता छापत नाहीत. जपून न्या."

जपणं कसलं! फक्त पहिलं पान बघू म्हणून मावशींनी पार्लरमध्ये पुस्तक उघडलं, ते मिटवेना. खुर्चीत मुख्याध्यापिकाबाई केसांना रंग लावून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकटीच काय हसताय? मोठ्याने वाचा." मावशी वाचत सुटल्या. रंग धुवायची वेळ कधीच टळून गेली. मंद तपकिरी व्हायचे ते केस काळेकुळकुळीत झाले. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं, आणि त्या धांदलीत रंगाचा ब्रश नेमका पुस्तकावर पडला. मुख्याध्यापिकाबाईंनी आरशात वळून वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे. पण होडीतला तो सावकार बुडाला का, ते सांगा आधी."

भिंगरी आली त्या दिवशी मावशींनी कसनुसं तोंड करून पुस्तक पुढे केलं. मुखपृष्ठावरचा डाग किती घासला तरी गेला नव्हता.

"नवीन आणायचं होतं गं, पण मिळत नाही. माझ्याच हातून घाण झालं."

भिंगरीने डाग पाहिला, मग मावशींकडे पाहिलं. "तू वाचलंस हे?"

"अर्धंच. तुझं होतं ना ते."

"कुठवर आलीस?"

"सावकार होडीत उभा राहतो तिथवर."

भिंगरीने खुर्ची ओढली, पाय वर घेतले आणि म्हणाली, "मी आधी तिथपर्यंत येते. मग पुढचं मोठ्याने वाचते. पण मध्ये बोलायचं नाही." मावशींना यापेक्षा अवघड अट जगात कुणी घातली नसती. पण त्यांनी ती पाळली.

आणि ती पोरगी एका जागी बसली! रोज दुपारी एकेक प्रकरण. मुख्याध्यापिकाबाई काही काम नसताना येऊन बसायला लागल्या. डॉक्टरीणबाई दवाखान्यातून धावतपळत यायच्या. कात्र्या थांबायच्या आणि ओल्या केसांतून पाणी ठिबकत राहायचं. आठवडा उलटला, दुसरा उलटला, घरची आठवण काही निघाली नाही. बहिणीचाच फोन आला, "अगं, ती मला विसरली की काय?"

एके दिवशी पुस्तक संपलं. भिंगरीने ते मिटलं, तरी कुणी उठेना. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "मग पुढे काय झालं?"

पुस्तकात पुढे काहीच नव्हतं. पण भिंगरी चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणाली, "पुढे ना, ती होडी एकदा समुद्रात गेली." आणि ती सांगतच राहिली. ती हे सगळं मनाने रचतेय हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मावशी तर कंगवा हातात तसाच धरून लेकराकडे नुसत्या बघत होत्या.

सुट्टी संपली, बहीण येऊन भिंगरीला घेऊन गेली. पुस्तकही तिच्याबरोबर गेलं. दुसऱ्या दिवशी मी जरा बिचकतच पार्लरमध्ये शिरले, मावशी गप्प असतील म्हणून. त्यांनी टॉवेल झटकला, खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि म्हणाल्या, "बसा. होडी समुद्रात गेली, त्याच्या पुढचं काल फोनवर ठरलंय आमचं. ऐका."