वांग्यांचे फोटो आणि बहिणीचे गुडघे

अमरावती-अकोल्याच्या फोटो काढणाऱ्या मंडळींत मला 'अंधारवाले काका' म्हणतात. काळ्या पार्श्वभूमीवर वांगी, कवठ, पितळी तांब्या, अर्धं सोललेलं डाळिंब, असे माझे फोटो. दोन प्रदर्शनं झाली. एका कॉलेजच्या वाचनालयात चार फोटो अजून भिंतीवर आहेत. त्यांतला उजेड माझा नाही, माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, आणि हे आता लिहिलं नाही तर राहून जाईल.

आमचा भाजीचा मळा होता. मी शिकून सरकारी कचेरीत कारकून झालो. बहीण लग्नापर्यंत वडिलांच्या भाजीच्या दुकानावर बसली आणि नवरा गेल्यावर परत तिथेच येऊन बसली. मळा विकला तेव्हा ती माझ्या घरी आली. पुढे माझी बायको वारली आणि घरात आम्ही दोघंच उरलो.

निवृत्तीनंतर मी कॅमेरा घेतला. मागच्या खोलीच्या खिडकीला काळा कागद लावला, एक झडप उघडी ठेवली आणि टेबलावर वांगी मांडली. महिनाभर फोटो काढले. वांगी मातीच्या गोळ्यांसारखी यायची. एका संध्याकाळी बहीण भाजीसाठी वांगी न्यायला आली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली.

"दादा, असे वांगे मांडले असते तं बाबांनं तुले दुकानावरून हाकललं असतं."

तिने झडप चार बोटं फट उरेपर्यंत लोटली. मग स्वयंपाकघरातून काळाकुट्ट तवा आणला आणि वांग्यांच्या दुसऱ्या बाजूला, फोटोत येणार नाही असा उभा केला.

"भिंतीवरून उजेड परत येऊन राहिला. तो हा तवा खाते. आता काढ."

मी बटण दाबलं. वांग्याची एक कड उजळली, बाकीचं वांगं अंधारात गोल वळत गेलं. टोमॅटोवर लाल कापड धरायचं, मेथीवर हिरवं, दुपारचं ऊन वांग्यावर सरळ येऊ द्यायचं नाही, हे ती दहाव्या वर्षापासून करत होती. मी त्याच दुकानावर बसून परीक्षेचा अभ्यास करायचो. मला त्यातलं काही दिसलं नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक फोटो तिने मांडला. काय कुठे ठेवायचं, कोणतं डाळिंब फेकून द्यायचं, झडप किती लोटायची, सगळं तीच ठरवायची. मी दार लावून घ्यायचो. फटीतून उजेड येतो असं तिला सांगायचो. खरं म्हणजे कोणी अचानक आलं तर त्याला ती टेबलाशी दिसू नये, हेही त्यात होतं.

प्रिंट अकोल्याच्या एका लॅबमध्ये व्हायच्या. संगणकावर चमकणारा फोटो कागदावर आला की डांबर फासल्यासारखा व्हायचा. ते लोक मग सगळाच फोटो उजळ करायचे आणि डांबराची राख व्हायची. वैतागून एकदा मी बहिणीला सोबत नेलं. ती प्रिंट घेऊन रस्त्यावर गेली, उन्हात पाहिली, सावलीत पाहिली आणि आत येऊन मालकांना म्हणाली, "वांग्याचा काळा अन् मागचा काळा एकच करून टाकला तुमी. वांग्याच्या काळ्यात जांभळं असते. मागच्यात नसते."

मालक माझ्याच वयाचे, बोलायला मोकळे. त्यांनी स्वतः बसून तीनदा प्रिंट काढली. तिसरी पाहून बहीण म्हणाली, "हं. आता हे वांगं विकलं जाईन."

आठवड्याने त्यांचा फोन आला. "भाऊसाहेब, ताईले आठवड्यातून दोन दिवस पाठवा ना. प्रिंट तपासाले. मानधन देतो. अशी नजर पैसे टाकून भेटत नाही."

ती तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती. बाहेर अंगणात गहू निवडत बसली होती. मी आवाज खाली आणून म्हणालो, "तिला विचारलं मी. पण तिचे गुडघे गेलेत हो. अकोल्याची गाडी पकडायला बडनेरा स्टेशनातल्या पुलाचा जिना तिला चढवत नाही."

मी तिला विचारलं नव्हतं. ती लॅबमध्ये बसली असती तर महिन्याभरात सगळ्यांना कळलं असतं की अंधारवाले काका कोण. दोन दिवस दुपारचं जेवण कोण वाढेल, हाही विचार मनात होता. तो लपवत नाही.

एवढं एकच खोटं बोललो, पण त्यात पुरता अडकलो. तिला परत अकोल्याला नेणं शक्य नव्हतं, म्हणून तिला सांगितलं की मालकांना गिऱ्हाइकांच्या घरच्यांनी लॅबमध्ये आलेलं आवडत नाही. तिचा चेहरा पडला. "मी जास्त बोलली का तिथं?" म्हणाली. मी हो म्हणालो.

मालक भला माणूस. पुढच्या खेपेला त्यांनी ताईंसाठी गुडघ्याच्या तेलाची बाटली दिली, एका वैद्याकडून खास आणवलेली. ती टाकून द्यायची हिंमत झाली नाही. घरी बहिणीने पिशवीतून बाटली काढली.

"हे कोणाले?"

"मला. माझे गुडघे दुखतात."

तेव्हापासून दर खेपेला बाटली यायची. मी बाहेर सरळ चालायचो आणि फाटकातून आत आलो की लंगडायचो. संध्याकाळी बहीण खाली बसून माझ्या धडधाकट गुडघ्यांना तेल चोळून द्यायची. एकदा चोळता चोळता म्हणाली, "काल उजवा दुखत होता ना? आज डाव्यानं लंगडून राहिला."

"आलटून पालटून दुखतात," मी म्हणालो.

आठ वर्षं हे चाललं.

या हिवाळ्यात मोझरीहून परत जाताना लॅबचे मालक न कळवता घरी आले. बहीण गच्चीवर होती. बेल ऐकून ती चाळणी हातात घेऊन धडधड जिना उतरत आली आणि तिनेच दार उघडलं.

"ताई, अशा धावू नका! गुडघे कसे हायेत आता?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात डोकं घातलं.

"बरे हायेत," ती म्हणाली. "तेल चांगलं हाय तुमचं."

ते खूश झाले. बोलत सुटले. महिनाअखेर लॅब बंद होणार होती. "तुमी तेव्हा आल्या असत्या तं मजा आली असती, ताई. पण भाऊसाहेब म्हणाले, जिना चढवत नाही." तिने त्यांना चहा दिला, वर चिवडा दिला, फाटकापर्यंत पोचवून आली. कप विसळले. मग पदराला हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली.

"दादा, अजून काय काय दुखते माहं?"

मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, "महिना सराले किती दिवस हायेत?"

"नऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भाकरी बांधून घेतली आणि ऑटो बोलावला. मी म्हणालो, बडनेऱ्यापर्यंत येतो.

"तू काहून? तिथं तुह्यं काय काम?"

रविवार सोडून आठ दिवस ती अकोल्याला गेली. मी मागच्या खोलीत वांगी मांडली, तवा त्याच जागी उभा केला, झडप चार बोटांवर आणली. मातीचे गोळे. दार उघडं ठेवलं, बंद केलं, काही फरक पडला नाही. मालकांचा एकदा फोन आला, हसत होते. ताईंनी एका लग्नाचा अख्खा अल्बम परत छापायला लावला, नवरदेवाचा कोट आणि त्याचे केस एकाच काळ्यात गेले होते म्हणून. घरी तिने यातलं काहीच सांगितलं नाही.

लॅब बंद झाल्यावर मी वाचनालयाला आणि फोटोवाल्या मंडळींना पत्र लिहिलं की हे फोटो बहिणीच्या मदतीने काढले आहेत. तिला वाचायला दिलं. तिने चष्मा लावला.

"मदतीनं काहून लिवलं? मदत तं तू करत होता."

मी ते खोडलं. मांडणी, उजेड आणि प्रिंटची पसंती बहिणीची, कॅमेरा मी धरला, असं लिहिलं.

"हे ठीक हाय. आता हे बी लिव, का मले न इचारता तू नाही म्हणून टाकलं."

"ते पत्रात कशाला?"

"मंग कुठी लिवशीन?"

म्हणून इथे लिहिलं. ती उद्या वाचेल. तिने काही खोडलं, तर ते खोडलेलंच राहील.