भुताच्या सिनेमातली माय

आमच्या भागात निघालेला रक्तपिपासू भुताचा तो सिनेमा वाईट आहे, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नाही. धुळ्यात, देवपूरच्या हॉलमध्ये तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसून पाहिलाय. भुताचा झगा छत्रीच्या कापडाचा होता. सुळे बोलताना सुटायचे आणि भूत ते जिभेने परत जागेवर बसवायचं. रात्रीचा प्रसंग भर दुपारी शूट करून वरून निळा रंग फासला होता, पण सावल्या कुठे लपणार? मागून कुणीतरी ओरडलं, "रातले सावली पडी ऱ्हायनी रे भो!" मग सगळा हॉल सुटलाच. भूत लसणाला घाबरून मागे सरकलं तेव्हा तर बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. जिथे लसणाच्या ठेच्याशिवाय घास उतरत नाही, तिथे हे भूत जगलं कसं, हाच खरा प्रश्न होता.

एरवी मीही हसले असते. मला हसायला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्या दिवशी मी सिनेमा बघायला गेलेच नव्हते. मी मायचा आवाज ऐकायला गेले होते.

झालं असं की, आमचं घर सोनगीरच्या पुढे, रस्त्यापासून आत, मळ्यातच आहे. सिनेमा काढणाऱ्या पोरांना जुनं दार आणि मोठा ओटा हवा होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घर दिलं. मायने सगळ्यांसाठी भाकरी आणि शेवभाजी करायचं आपणहून अंगावर घेतलं. म्हातारीचं काम करणारी बाई आयत्या वेळी आलीच नाही, तेव्हा त्यांनी भाकरी थापणाऱ्या मायलाच दारात उभं केलं. काम एवढंच, की दार उघडायचं, भूत बघायचं, "दूर हो" म्हणायचं आणि किंचाळायचं. मी तेव्हा जळगावला, सासरी. मायने फोनवर सांगितलं, "मी सिनेमामा काम करं वं," आणि इतकी हसली की पुढचं काही सांगताच आलं नाही तिला. काय केलंस, विचारलं तर म्हणाली, दखशीनच ना तू पडद्यावर.

पोळ्यानंतर माय गेली. ताप आहे, ताप आहे म्हणता म्हणता गेली.

आमच्याकडे तिचे फोटो आहेत, लग्नाकार्यातले, ती सगळ्यांत मागे उभी असलेले. आवाज मात्र कुठेच नाही. मोबाईल समोर धरला की ती पदर ओढून गप्प बसायची. तो रेकॉर्ड करून ठेवावा असं आम्हाला वाटलंही नाही, कारण तो रोज फोनवर येतच होता. तिच्या माघारी घरात सगळ्यांचं एकच ठरलं: सिनेमा आला की माय बोलेल. आबांनी त्या दिवसासाठी सदरा धुऊन, इस्त्री करून ठेवला होता.

तो प्रसंग आला. पडद्यावर आमचं दार उघडलं. माय आली, तीच हिरवी साडी, कपाळाला पिठाचा हात लागलेला. मी आबांचा हात धरला. मायचे ओठ हलले आणि त्यातून एक तरुण, पुणेरी, घासूनपुसून काढलेला आवाज आला, "कोण आहेस तू? दूर हो! निघून जा इथून!"

ओठ काही वेगळंच बोलत होते, ते आंधळ्यालाही कळलं असतं. वर मायने हात पुढे केला होता, आत ये म्हणतात तसा. आवाज म्हणतोय निघून जा, हात म्हणतोय ये. हॉल हसून हसून लोळला.

आबा माझ्याकडे वळले. "हाई कोन बोली ऱ्हायनं? हाऊ तिना आवाज नही." ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, "तिना नही शे हाऊ." पुढच्या रांगेतला एकजण मागे वळून हसला. त्याला वाटलं, म्हाताराही गंमत करतोय.

बाहेर आल्यावर मी त्या दिग्दर्शक पोराला गाठलंच. तो बिचारा आधीच मेल्याहून मेला झाला होता. म्हणाला, "ताई, नेमकी तेव्हाच लाईट आली." मला लगेच कळलं. शेतीची लाईट येते तेव्हा शिवारातल्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी आपोआप सुरू होतात, प्रत्येकाने ऑटो लावून ठेवलेला असतो. आबा आमची बंद करायला विहिरीकडे पळाले, पण बाकीच्यांचं काय? आवाजात नुसती घरघर आली. मग नंतर एका मुलीच्या आवाजात ते वाक्य भरून घेतलं. मूळचं? आवाजाचं ते कार्ड रिकामं करून पुढच्या प्रसंगाला वापरलं.

पुढे सिनेमा यूट्यूबवर चढवला. खाली लोकांनी मनसोक्त लिहिलं. "यापेक्षा आमच्या धुळ्याचे डास जास्त रक्त पितात." "भुताला आधी दाताच्या डॉक्टरकडे न्या." इथवर ठीक होतं. पण, "म्हातारी भुताची सासू आहे का? जावई आल्यासारखी बोलावतेय," याला तर ढिगाने लाईक होते. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "ती माझी माय आहे. ती आता या जगात नाही. हसून झालं असेल तर सांगा, ती काय बोलतेय ते तुमच्यापैकी कुणाला कळतंय का?"

दोघा-तिघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. बाकीचे हसतच राहिले.

त्या रविवारी मी माहेरी होते. दुपारी मोटारसायकलवरून एक उंच, हडकुळा माणूस आला. आधी ओळखलंच नाही. भूत होतं ते. शिंदखेड्याला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. माय गेल्याचं त्याला माझं लिहिलेलं वाचून कळलं होतं. तो ओट्यावर टेकला आणि कुणी विचारायच्या आत म्हणाला, "अक्का काय बोलन्यात ते मी आयकेल शे. मी समोरच व्हतू."

आबा खाटेवरून उठून त्याच्या जवळ येऊन बसले.

"अक्कानी दार उघाडं, मनाकडे दखं आनि बठ्ठं इसरी गयात. म्हने, 'घामाघूम व्हई गया ना रे भाऊ तू. आत ये. पहिले पानी पी, मंग दखाड भेव.'"

आमच्या दारात आलेल्याला आधी पाणी, मग नाव-गाव. भूत घाबरवायला आलं असलं म्हणून काय झालं! आबा डोळे मिटून मान हलवत होते. शब्द तिचेच होते. पण ते बोलत होता एक परका पुरुष, आणि मी कितीही कान दिला तरी त्यात तिचा आवाज येत नव्हता. तो आता कुठूनच येणार नव्हता, हे मला तिथे, त्या ओट्यावर कळलं.

"आखो काही?" आबांनी पुढचं विचारलं.

तो माझ्याकडे बघून घुटमळला. "म्हने, 'मनी पोर भूतले भलती भेस. जळगावहून ती उनी म्हंजे एकडाव ये, तिले दखाडजो हाई तोंड.'"

भुताला भिणारी ती पोर म्हणजे मी; मी आले की मला ते तोंड दाखवायला तिने त्याला बोलावून ठेवलं होतं. मग आबा म्हणाले, "दखाड मंग तिले. तिनी सांगेल शे ना."

तो अवघडत उभा राहिला. ना झगा, ना सुळे. त्याने दोन्ही हात वर केले आणि माझ्यासमोर दात विचकले. त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. मी आबांच्या खांद्यावर डोकं टेकून, तेराव्यालाही रडले नव्हते इतकी रडले, आणि तो बिचारा तसाच हात वर करून उभा राहिला, कारण त्याला पुरे म्हणायचं आम्हाला सुचलंच नाही.