चालीचा शेवट

आकुर्डीच्या एका कंपनीत मी प्रेस शॉपला होतो. दिवसभर पत्र्यावर ठोके पडायचे. आम्ही एकमेकांशी हातवारे करून बोलायचो, नाहीतर कानाशी तोंड नेऊन ओरडायचो. घरी आल्यावरही माझा आवाज खाली यायचा नाही. बायको म्हणायची, "अहो, मी इथंच आहे, चाकणला नाही." मी ते हसण्यावारी न्यायचो.

गिटारचं वेड लग्नाआधीचं. पुण्यातून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती आणि ती घरच्या रेडिओला जोडून वाजवायचो. आमच्या कामगारांच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याची जागा रिकामी झाली, तेव्हा ऑर्केस्ट्रा चालवणारा फिटर म्हणाला, "राव, टेप करून आण. सगळ्यांना ऐकवतो, मग ठरवू." ती जागा मला हवीच होती. आठ तास पत्रा ठोकणाऱ्याला चार लोकांनी वादक म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

मेहुण्याने मस्कतहून आणलेला टेपरेकॉर्डर मी मागून घेतला. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, बाहेर शांतता, म्हणून रेकॉर्डिंग गुरुवारी. खिडकीला गोधडी लावली, कपड्यांच्या दोरीवर माइक टांगला आणि कुकर लावायचा नाही असं बायकोला बजावलं. ती म्हणाली, "मग जेवायला सूरच वाढते."

मी बसवलेल्या चालीचा शेवट चार हार्मोनिक्सवर होता. तार दाबायची नाही, बोट नुसतं टेकवायचं आणि छेडल्याबरोबर उचलायचं. मग देवघरातल्या घंटीसारखा बारीक, उंच सूर निघतो. टेप ऐकली तर चाल ठीकठाक आणि शेवट गायब. नुसती खरखर.

मी मशीनला दोष दिला. हेड स्पिरिटने पुसलं, कॅसेट बदलली, माइक रेडिओला चिकटेल इतका जवळ आणला. शेवटी पिंपरीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ऐकून सांगितलं, "मशीनला काय झालं नाय भाऊ." याला काही कळत नाही, असं म्हणत मी टेपरेकॉर्डर उचलून घरी आलो.

पुढच्या गुरुवारी परत वाजवलं. हार्मोनिक लागला की तारेची थरथर बोटांना कळते, गिटारचं लाकूड पोटाशी घुमतं. त्यामुळे वाजवताना मला कधी शंका आली नव्हती. या खेपेला तिसऱ्या सुराला माझं बोट उचलायला किंचित उशीर झाला, तेही बोटालाच कळलं. टेप लावली. शेवट नव्हताच. आता तो काढूनच टाकावा असं मी ठरवत होतो, तेवढ्यात तांदूळ निवडता निवडता आतून बायको म्हणाली, "तिसरा जरा बसका आला का हो? बाकीचे छान लागले."

बोटाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी टेप बंद केली. मशीन चांगलं होतं, दुरुस्तीवाला बरोबर होता. माझे कान चालले होते, बारीक, उंच सूर त्यांना लागतच नव्हते. मला भीती वाटली, आणि तिला ऐकू येतं म्हणून तिचा रागही आला. ती हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

तिने कॅसेट मागे फिरवली. मग म्हणाली, "परत वाजवा. नीट झालं की मी सांगते." तिने मान हलवेपर्यंत मी वाजवत राहिलो.

त्या टेपवर मला जागा मिळाली. "शेवट फर्मास जमलाय राव," फिटर म्हणाला आणि मी नुसता हसलो.

तो शेवट मी ऐकला तो टेप देण्याच्या आदल्या संध्याकाळी. बायकोने टेप लावली आणि माझ्याजवळ येऊन बसली. आयुष्यात ती कधी गायला शिकली नव्हती. खरखर सुरू झाली तसा एकेक सूर ती खालच्या पट्टीत, मला ऐकू येईल असा, माझ्या कानाशी गुणगुणत गेली. चारही.