लाल दिव्यांचा बडग्या

गोपिका हेडाऊ धरमपेठेतल्या एका कॉम्प्युटर सेंटरात नोकरीला लागली, तेव्हा इतवारीतल्या तिच्या गल्लीला त्याचं काही अप्रूप वाटलं नव्हतं. विणकराची पोर थंड खोलीत बसून आकडे बडवते आणि पगार आणते, एवढंच. खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात, हे ऐकून शेजारची अंजनाबाई म्हणाली होती, "म्हंजे देवळातच बसून राहिली न वं तू!" विषय संपला.

मग सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात टीव्हीवर ती हिंदी मालिका आली.

मालिकेतला चोर अंधाऱ्या खोलीत काळा चष्मा लावून बसायचा. का, ते विचारू नये. घरच्या कॉम्प्युटरवर दहा बोटं नाचवायचा, एकदा चुकायचा, दुसऱ्यांदा चुकायचा, आणि तिसऱ्यांदा मशीनच शरण. भिंतभर लाल दिवे लुकलुकायचे, चोराच्या तोंडावर हिरवा उजेड पडायचा, आणि कुठल्याशा कॉलेजातला नापास पोरगा पास व्हायचा. वर मशीन बाईच्या आवाजात त्याचं अभिनंदन करायचं.

गोपिकेच्या सेंटरातलं मशीन म्हणजे एक करडं कपाट. बोलणं दूरच, चुकीचं काही टाइप केलं की रुसलेल्या जावयासारखं मुकाट बसून राहायचं. आणि चोर त्यात शिरणार कुठून? बाहेरची एकही तार त्याला जोडलेली नव्हती. ऑफिसातला साधा फोन अर्धा आठवडा मेलेला असायचा.

पण तारा कोण बघतो! दुसऱ्याच सकाळी अंजनाबाई नातवाचा रोल नंबर घेऊन दारात.

"पस्तीस करून दे न वं. जास्त नाई मागून राहिली मी."

"मावशी, तसं होत नाही."

"काहून नाई होत? काल त्या मुडद्यानं केलं न!"

"तो खोटा होता, मावशी."

"तो खोटा असून करून राहिला, अन् तू तर खरी आहेस!"

गोपिका चपला घालून ऑफिसला निघाली.

आता हे सेंटर एका वाणिज्य परीक्षा मंडळाचे पदविकेचे निकाल तयार करत असे, आणि नेमका गोपिकेचा भाऊ रविंद्र त्याच परीक्षेला बसला होता. आधी आपटला होता. यंदा मात्र बापाच्या बंद पडलेल्या मागाच्या खड्ड्यात, जिथं पाय सोडून बाप आयुष्यभर विणत बसला तिथं, तो पुस्तकं घेऊन उतरला. तिथं गार वाटायचं, आणि दोस्तांना दिसायचं नाही. निकाल लागला तेव्हा पोरगा पहिल्या वर्गात.

गल्लीनं पेढे खाल्ले आणि शाबासकी दिली गोपिकेला.

"मी अभ्यास केला!" रविंद्र ओरडला.

"हाव हाव, केला न बाप्पा," अंजनाबाई म्हणाली, आणि गोपिकेकडे बघून डोळा मिचकावला.

ही शाबासकी फिरत फिरत धरमपेठेत पोचली. सेंटरचे मालक मधुसूदन साहेब काही मूर्ख नव्हते. दोन मुली तेच गुण स्वतंत्रपणे भरतात, आणि दोन्ही जुळल्याशिवाय मशीन पुढं सरकत नाही, ही पद्धत त्यांनीच बसवलेली. पण मंडळाचे अधिकारी मनोहरराव? तेही ती मालिका न चुकता बघत.

"त्यांची खात्री पटेपर्यंत तू घरी बस," साहेब म्हणाले. "नाही पटली तर तुझी नोकरी गेली, आणि तुझ्या भावाचा निकालही रद्द."

गोपिका घरी बसली. रविंद्र पुन्हा खड्ड्यात जाऊन बसला, या वेळी पुस्तकाशिवाय.

बाप बाबनराव तेवढा कामाला लागला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावाची पिडा सोबत घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत, त्या गल्लीचा बडग्या दरवर्षी तोच करी. जी पिडा असेल तिचा पुतळा करायचा, गावभर शिव्या देत न्यायचा आणि जाळायचा. महागाई जाळून झाली होती, डास जाळून झाले होते. दोन्ही होते तिथंच होते, पण बाबनरावाचा विश्वास हलला नव्हता.

"यंदा कॉम्प्युटर-चोर," तो म्हणाला. "तुयावरची पिडा जळून जाईन, गोपे."

त्यानं कामट्यांचा चोर केला, पुढ्यात खोक्याचा कॉम्प्युटर मांडला, आणि खोक्यावर बॅटरीचे लाल दिवे लावले.

"बाबा, असा नसतो कॉम्प्युटर."

"तू चूप बस वं. लोकाइले ओळखू आला पाहिजे."

इथवर ठीक होतं. पण बडग्याला जुनी धडुती लागतात. घरातली एकुलती जुनी पँट रविंद्रच्या अंगावर होती, म्हणून बाबनरावानं चोराचा झगा केला गोपिकेच्या पोपटी साडीचा. ती साडी नेसून गोपिका वर्षभर ऑफिसला गेलेली. गल्लीनं पाहिलं मात्र!

"अरे, हे त आपल्या गोपीचं लुगडं!"

मग कोण ऐकतं. "मार्क वाढवणाऱ्या गोपीले घेऊन जाऽऽ गे मारबत!" लोक प्रेमानं बोंबलत होते, ढोल बडवत होते. जी पिडा जाळायला बाप निघाला, तिचीच त्यानं वाजतगाजत वरात काढली होती. रस्त्याच्या कडेला तो डोक्याला हात लावून उभा राहिला.

वर एका कापडवाल्याच्या गॅलरीत पाहुणे म्हणून मनोहरराव बसले होते, शेजारी मधुसूदन साहेब. बडग्या नेमका त्यांच्याखाली थांबला. साडीशी किंवा आरोळ्यांशी मनोहररावांना काही देणंघेणं नव्हतं. ते दिव्यांकडे बघत होते.

"मधुसूदनराव, याला म्हणतात कॉम्प्युटर! तुमच्या मशीनला दिवे कुठे आहेत? चोर शिरला तर कळणार कसं?"

मंडळाचं काम हातचं जाणार, हे साहेबांना लख्ख दिसलं.

"आहेत ना," ते म्हणाले. "दुरुस्तीला दिलेत."

"कुणाकडे?"

साहेबांनी खाली बाबनरावाकडे बोट दाखवलं आणि जिना उतरत धावले. त्या वर्षी त्या गल्लीचा बडग्या कॉम्प्युटरशिवाय जळला.

पुढच्या आठवड्यात मनोहरराव चपला काढून थंड खोलीत आले. करड्या कपाटावर बाबनरावाचं खोकं विराजमान होतं. गोपिकेला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"चोर शिरला की हा लाल दिवा लागतो?" मनोहररावांनी विचारलं.

साहेबांनी गोपिकेकडे पाहिलं. बापाचं खोकं, भावाचा पहिला वर्ग, आपली खुर्ची, सगळं तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

"सर, निकालाच्या कामात मी रोज इथंच होते," ती म्हणाली. "लाल दिवा एकदाही लागला नाही."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

"मग मुलानं अभ्यासच केला म्हणायचा," मनोहरराव म्हणाले, आणि चपला घालायला वळले.

घराबाहेरचा एक तरी माणूस हे बोलला, म्हणून रविंद्र खड्ड्यातून वर आला. गल्लीत बातमी पोचायला संध्याकाळही लागली नाही. अंजनाबाई नातवाचा रोल नंबर मुठीत धरून पुन्हा दारात.

"केवढी हुशार पोट्टी वं तू! दिवासुद्धा लागू नाई दिला!"